छातीवरचा पहारेकरी

घोटीच्या एखाद्या भातगिरणीत काम करणाऱ्या गृहस्थांची कल्पना करा. त्यांना अधूनमधून घेरी येते, छातीत धडधडते आणि थोड्या वेळाने सारे पूर्ववत होते. दवाखान्यात त्यांचा ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत्‌आलेख, काढला जातो. तो निर्दोष येतो! मग दोष गेला कोठे?

थोडे गणित करू. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर दिवसाचे ठोके होतात १,०३,६८०. नेहमीचा ईसीजी सुमारे १० सेकंदांचा, म्हणजे अवघ्या १२ ठोक्यांचा असतो. समजा, दिवसातून एकदाच ५ मिनिटे हृदयाची लय बिघडते. दिवसाचे सेकंद ८६,४०० आणि बिघाडाचे ३००. म्हणजे चोर सापडण्याची शक्यता सुमारे २८८ त १!

उपाय उघड आहे. पहारा दिवसभर ठेवायचा. अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकात असे यंत्र बनवले. ते पाठीवर वाहावे लागे आणि वजन होते सुमारे ३८ किलो! ट्रान्झिस्टर आले आणि यंत्र आटोपशीर झाले. आजचा होल्टर खिशात मावतो. छातीवर चिकटवलेली विद्युत्‌अग्रे सुमारे एक मिलिव्होल्टचे दाब टिपतात आणि २४ तासांची नोंद होते. काही चिकटपट्ट्या तर १४ दिवस पहारा देतात.

पण पहारेकऱ्याचा पगार कोणी द्यायचा? २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. महाराष्ट्रात ती २०२० पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेली आहे. रुग्णालयात दाखल होऊन पेसमेकर बसवायचा, तर खर्च योजना उचलते. मात्र बाह्यरुग्ण सेवा आणि केवळ निदानासाठीची तपासणी आयुष्मान भारतमध्ये बसत नाही. म्हणजे कुलपाचे पैसे मिळतात, चोर ओळखण्याचे नाहीत! आपल्या गृहस्थांना सुमारे ३५ किलोमीटरवरच्या नाशिकला जायचे, तर रोजही बुडतो. अमेरिकेत ज्येष्ठांसाठीचा ‘मेडिकेअर’ हा सरकारी विमा मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या अशा तपासणीचे पैसे देतो.

दुसरी बाजूही पाहा. प्रत्येकाच्या छातीवर यंत्र लावले, तर निरुपद्रवी चुकार ठोकेही पुष्कळ दिसतील, नाहक भीती पसरेल आणि पैसा वाया जाईल. म्हणून लक्षणे असलेल्यांनाच, डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी, असा नियम शास्त्रालाही धरून आहे आणि खजिन्यालाही परवडण्याजोगा आहे. असा नियम आपल्याकडे व्हावा की नाही, यावर वर्गात चर्चा करा.

आणि एक प्रयोगही करा. मित्राची नाडी १० सेकंद मोजून सहाने गुणा. मग पूर्ण मिनिट मोजा. दोन्ही आकडे जुळतात का? न जुळल्यास घाबरू नका. थोडा वेळ मोजले की थोडेच कळते, एवढाच त्याचा अर्थ. पण घरात कोणाला वारंवार घेरी येत असेल, तर एक ईसीजी चांगला आला म्हणून स्वस्थ बसू नका. डॉक्टरांना पुन्हा विचारा.