सर्व्हरवरून सीएमएस काढणे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या वाटचालीत चेन्नईचा वाटा मोठा आहे. केंद्र सरकारच्या मदतीने २००५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचे राष्ट्रीय संसाधन केंद्र याच शहरात सुरू झाले. सी-डॅकचे चेन्नई केंद्र आणि अण्णा विद्यापीठाच्या क्रोमपेट येथील एमआयटी परिसरातले एयू-केबीसी संशोधन केंद्र या दोघांनी ते उभे केले. ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली भारतीय लिनक्स प्रणालीही सी-डॅकच्या चेन्नई केंद्रातच घडली. आज शाळा, मंडळे, छोटी कार्यालये आणि नियतकालिके लिनक्स सर्व्हरवर वर्डप्रेस, ड्रुपल किंवा जुमला यांसारखा सीएमएस, म्हणजे मजकूर सांभाळणारी प्रणाली, टाकून आपले संकेतस्थळ चालवतात, आणि त्यासाठी परवान्याचा पैसाही लागत नाही. मात्र उभारणी सोपी झाली तसे तिच्याविषयीचे गैरसमजही पसरले. त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच चुकीची समजूत आहे : सीएमएस हा मोबाइलवरच्या ॲपसारखा एकसंध प्रोग्रॅम आहे, टाकला की आला आणि पुसला की गेला. प्रत्यक्षात ती सर्व्हरवर अनेक ठिकाणी पसरलेली व्यवस्था आहे. ती कुठे कुठे पसरली हे उभारतानाच ज्याने लिहून ठेवले नाही, त्याला ती पुरती काढता येत नाही.

सर्वात रुळलेला गैरसमज म्हणजे ‘फोल्डर पुसले की संकेतस्थळ गेले’. वर्डप्रेसचे उदाहरण घेऊ. त्याच्या प्रोग्रॅमच्या फायली आणि अपलोड केलेली छायाचित्रे वेब सर्व्हरच्या फोल्डरात असतात हे खरे. पण लेख, प्रतिक्रिया, सदस्यांची नावे, ईमेल पत्ते आणि पासवर्डचे सांकेतिक रूप हे सारे मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीच्या डेटाबेसमध्ये असते, आणि तो डेटाबेस सर्व्हरवर वेगळ्याच जागी राहतो. फोल्डर पुसल्याने त्याला धक्काही लागत नाही. डेटाबेस पुसला तरी त्यासाठी तयार केलेले वापरकर्त्याचे खाते आणि त्याला दिलेले अधिकार मायएसक्यूएल आपोआप रद्द करत नाही. अपाचे किंवा एनजिनएक्समधली त्या संकेतस्थळाची नोंद, ठरावीक वेळी चालणारी क्रॉनमधली कामे, एसएसएल प्रमाणपत्र आणि डीएनएसमधला पत्ता या नोंदीही आपापल्या जागी तशाच राहतात. यातली डीएनएसची नोंद विशेष धोक्याची आहे. भाड्याचा सर्व्हर सोडल्यावर त्याचा आयपी पत्ता दुसऱ्या ग्राहकाकडे जातो. संस्थेच्या नावाचे उपडोमेन त्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहिले, तर त्या अनोळखी ग्राहकाला संस्थेच्या नावाने पान दाखवता येते.

यावर जाणकारांचा एक आक्षेप येतो : हाताने फायली ठेवणाऱ्यांचे हे हाल होतात, पॅकेज व्यवस्थापक वापरला की सगळे नीट निघते. आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. डेबियनमध्ये, आणि म्हणून बॉसमध्येही, ‘ॲप्ट रिमूव्ह’ या आज्ञेने प्रोग्रॅम निघतो, पण मांडणीच्या (कॉन्फिगरेशनच्या) फायली मुद्दाम मागे ठेवल्या जातात. पुन्हा तेच पॅकेज टाकले तर जुनी मांडणी मिळावी, हा त्यामागचा हेतू. त्या फायलीही घालवायच्या असतील तर ‘पर्ज’ ही वेगळी आज्ञा आहे. शिवाय डेबियनचे वर्डप्रेस पॅकेज प्रोग्रॅम, मांडणी आणि अपलोड केलेला मजकूर तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवते, आणि नंतर हाताने बनवलेल्या डेटाबेसची या व्यवस्थापकाला कल्पनाच नसते. प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या बंदिस्त कप्प्यात चालवणाऱ्या डॉकरने हा प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांनाही हेच सांगावे लागेल. कंटेनर काढला तरी त्याला जोडलेला नाव दिलेला व्हॉल्यूम राहतो आणि डेटा त्यातच असतो. हा साधनांचा दोष नाही. वापरणाऱ्याचा डेटा न विचारता पुसायचा नाही, हे त्यांचे धोरण योग्यच आहे. म्हणून काय पुसायचे याचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

दुसरा गैरसमज उभारणीच्या टप्प्यातला आहे : ‘फायली सर्व्हरवर चढवून ठेवू, उरलेले सावकाश करू, रिकाम्या संकेतस्थळात चोरण्यासारखे काय आहे?’ वर्डप्रेसच्या फायली चढवून मांडणी अपुरी ठेवली, तर डेटाबेसचा तपशील विचारणारे पान जगात कोणालाही उघडता येते. ते भरणारा स्वतःच्या डेटाबेसचा पत्ता देऊन प्रशासक बनतो आणि मग प्लगइन किंवा थीमच्या वाटेने सर्व्हरवर हवा तो कोड चालवतो. अशी अर्धवट संकेतस्थळे हुडकत फिरणारे हल्लेखोर २०१७ मध्ये सुरक्षा-संशोधकांना आढळले होते. म्हणजे चोरायला मजकूर नसला तरी ताबा घ्यायला सर्व्हर असतो, आणि त्याच सर्व्हरवरची इतर संकेतस्थळेही त्यामुळे संकटात येतात. ‘परवानगीची अडचण आली की ७७७ द्या’ हा सल्लाही याच जातीचा. ७७७ म्हणजे मालक, गट आणि बाकीचे सगळे यांना वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालवण्याचा पूर्ण अधिकार. त्याने तात्पुरती अडचण दूर होते आणि कायमचे दार उघडे राहते. सर्वसाधारणपणे फोल्डरांना ७५५ आणि फायलींना ६४४ पुरतात. तेवढ्याने काम होत नसेल तर बहुधा फायलींचा मालक चुकलेला असतो, आणि तो बदलणे हाच खरा उपाय असतो.

तिसरा गैरसमज दोन टोकांचा आहे. काही म्हणतात, लिनक्स आहे म्हणजे सुरक्षित. काही म्हणतात, स्रोत सगळ्यांना दिसतो म्हणजे असुरक्षित. ड्रुपलच्या एका घटनेत दोघांनाही उत्तर आहे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि तिची दुरुस्तीही त्याच वेळी देण्यात आली. पण काही तासांतच यंत्रांकरवी हल्ले सुरू झाले. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने सांगितले की, घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ हल्लेखोरांच्या हाती गेले आहे असेच धरून चालावे. खाली लिनक्स होते म्हणून ही संकेतस्थळे वाचली नाहीत, कारण त्रुटी ड्रुपलमध्ये होती. आणि स्रोत खुला होता म्हणून त्रुटी लपवली गेली नाही, धोक्याची पातळीही स्पष्ट सांगितली गेली. त्या इशाऱ्यातला महत्त्वाचा भाग पुढे होता : नंतर दुरुस्ती केल्याने आधी घुसलेला हल्लेखोर बाहेर पडत नाही. त्याने मागचे दार डेटाबेसमध्ये, फायलींत किंवा आणखी कुठे ठेवलेले असू शकते. अशा वेळी हल्ल्याआधीच्या बॅकअपवरून संकेतस्थळ नव्याने उभारावे लागते. ज्याला संकेतस्थळाची सगळी ठिकाणे ठाऊक आहेत, त्यालाच हे जमते.

‘वापरात नाही म्हणजे धोका नाही’ हाही असाच भ्रम. वर्डप्रेसमधले प्लगइन निष्क्रिय केले तरी त्याच्या फायली सर्व्हरवर राहतात, आणि त्यातल्या सदोष फायलीपर्यंत थेट पत्त्याने पोहोचता येऊ शकते. ‘जुने’ असे नाव देऊन बाजूला ठेवलेल्या प्रतीला कोणी अपडेट करत नाही, पण तिचा कोड मात्र चालत राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे काढण्यापूर्वी घेतलेला डेटाबेसचा बॅकअप वेबच्याच फोल्डरात ठेवणे. नाव ओळखता आले की तो कोणीही उतरवून घेऊ शकतो. बॅकअप त्याच सर्व्हरवर किंवा त्याच इमारतीत असणेही पुरेसे नाही. डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नईचा विमानतळ काही दिवस बंद पडला. कर्मचारी मरैमलै नगरच्या छापखान्यात पोहोचू न शकल्यामुळे १८७८ मध्ये सुरू झालेले ‘द हिंदू’ २ डिसेंबरला चेन्नईत छापता आले नाही. यंत्रे शाबूत असूनही त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही, अशी वेळ मोठ्या शहरातही येते. म्हणून एक प्रत दुसऱ्या शहरात हवी. ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहिलेलीही हवी, कारण अक्षरसंच चुकला तर देवनागरी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उरतात, आणि मूळ पुसून झाल्यावर ते कळून काही उपयोग नसतो.

शेवटचा आक्षेप असा की, छोट्या संस्थेला एवढा काटेकोरपणा कशाला? कारण डेटा संस्थेच्या सदस्यांचा असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे तत्त्व असे आहे की, ज्या कारणासाठी माहिती घेतली ते संपले आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवणे बंधनकारक नसले, तर ती पुसली पाहिजे. दुसरीकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपून ठेवावे लागतात. तेव्हा सरसकट सगळे पुसणेही चूक आणि सगळे ठेवणेही चूक. निवड करावी लागते, आणि निवडीसाठी यादी लागते.

ही यादी एका पानाची असते : फायलींचे ठिकाण, डेटाबेसचे नाव, त्याचा वापरकर्ता, वेब सर्व्हरची नोंद, क्रॉनची कामे, प्रमाणपत्र, डीएनएस आणि बॅकअपची जागा. सीएमएस टाकणाऱ्याने ती त्याच दिवशी लिहावी, पासवर्ड तिच्यात न घालता संस्थेच्या दप्तरी ठेवावी आणि बदल झाला की सुधारावी. काढताना आधी बॅकअप पडताळावा, मग डीएनएसपासून सुरुवात करून यादीतली एकेक नोंद खोडत जावे. तुमच्या संस्थेचे संकेतस्थळ आज चालू असेल आणि अशी यादी नसेल, तर ते बंद करण्याची वेळ येईपर्यंत थांबू नका. ज्याने ते उभारले तो माणूस संस्थेत आहे तोवरच ती लिहून घ्या.