मोडाच्या टोकाशी

रात्रभर भिजलेली मटकी उपसून फडक्यात घट्ट बांधायची आणि दुसऱ्या दिवशी गाठ सोडायची. इतकी वर्षं झाली, तरी गाठ सोडताना मी अधीर होते. काही पांढरी टोकं तर फडक्याच्या विणीतूनच बाहेर आलेली असतात!

परवा ही मटकी खड्यासारखी कडक होती आणि तिच्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. पाणी मिळालं, मोड फुटू लागले आणि ते तयार व्हायला लागलं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटच्या हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ यांनी १९१९ साली गिनीपिगवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोरड्या कडधान्याने क जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा स्कर्व्ही टळत नव्हता, मोड आलेल्याने टळत होता.

पण दाणा हे सगळं करतो ते स्वतःच्या वाढीसाठी. पेशी श्वसन करू लागली की सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे तापट रेणू तयार होतात. क जीवनसत्त्वासारखे अँटिऑक्सिडंट त्यांना आवरतात, इतकं आपण औषधांच्या जाहिरातींतून ऐकलेलं असतं. वनस्पती मात्र ही धग चुलीतल्या जाळासारखी सांभाळते, कुठे वाढवायची नि कुठे कमी करायची ते ठरवून. मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडॉप्सिस या इवल्या रोपाच्या मुळात, टोकाजवळ पेशी विभागतात तिथे सुपरऑक्साइड जास्त असतं. जरा वर, पेशी लांब होतात तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड. वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिप बेन्फी यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं, की हा तोल बदलला की विभागणं थांबून लांबणं सुरू होण्याची सीमाच सरकते.

त्याच टोकाच्या आत मूठभर पेशी जवळजवळ झोपलेल्या असतात. मुळाची ती राखीव शिबंदीच. क जीवनसत्त्व मोडणारं एक विकर तिथे भरपूर असतं. कांद्याच्या मुळांना बाहेरून क जीवनसत्त्व दिलं, तेव्हा या झोपाळू पेशीही विभागू लागल्या!

आणि ग्लुटाथायोन, पेशीतलं दुसरं एक अँटिऑक्सिडंट? ते जेमतेमच बनवू शकणारं अॅराबिडॉप्सिसचं एक वाण आहे. त्याचं बी रुजतं, इवलंसं मूळ बाहेर येतं आणि तिथेच थांबतं. मुळातली पुढची एकही पेशी विभागत नाही. बाहेरून ग्लुटाथायोन पुरवलं, की थबकलेल्या त्या टोकात विभागणी पुन्हा सुरू होते.