सेनगावचा वाचक ई-पुस्तक का उघडतो?

वाचनाच्या वाटा : भाग सहावा

मागच्या भागात गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांबद्दल लिहिलं होतं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अनुदानाची सोय केली, अ-ब-क-ड असे वर्ग पाडले, आणि तरीही खालच्या वर्गातल्या वाचनालयात नवं पुस्तक पोचायला किती काळ जातो, हे त्यात आलं होतं. आजचा विषय त्यालाच लागून आहे. छापील पुस्तकावर वाढलेली माणसं ई-पुस्तकाकडे का वळतात?

पुण्या-मुंबईत या विषयावर बोलणं निघालं की ते कागदाचा वास, पानांचा स्पर्श आणि डोळ्यांचा ताण यांच्याभोवती फिरतं. ज्याला संध्याकाळी सहज अप्पा बळवंत चौकात चक्कर मारता येते, त्याच्यापुढे दोन्ही पर्याय असतात. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावात बसून पाहिलं की प्रश्नाची मांडणीच बदलते. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. तालुक्याच्या गावी पुस्तकाचं दुकान म्हणजे बहुधा शाळेची पुस्तकं, गाईडं, वह्या आणि अलीकडे स्पर्धा परीक्षांचे जाडजूड ठोकळे. एखादी नवी कादंबरी, चरित्र किंवा हळदीच्या लागवडीवरचं चांगलं पुस्तक हवं असेल, तर हिंगोली, आणि तिथेही नाही मिळालं तर परभणी किंवा नांदेड. म्हणजे पुस्तकाच्या किमतीत एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस धरावा लागतो. इथे ई-पुस्तकाची तुलना छापील पुस्तकाशी होतच नाही, पुस्तक न मिळण्याशी होते. हे एकदा ध्यानात घेतलं की पुढची बरीच कारणं आपोआप उलगडतात.

टपालाने मागवता येतं, हे खरं. पण टपालाचीही एक गोष्ट आहे. नोंदणीकृत बुकपोस्ट ही पुस्तकांसाठीची स्वस्त सोय कित्येक वर्षं चालू होती, छोटे प्रकाशक तिच्यावरच विसंबून होते. डिसेंबर २०२४ मध्ये ती बंद झाली. ओरड झाल्यावर मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. मधल्या महिन्यांत दीडशे रुपयांचं पुस्तक मागवणाऱ्याला टपालखर्च डोईजड झाला. खेड्यातल्या वाचकावर अशा निर्णयांचा होणारा परिणाम कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही. तो पुस्तक मागवणं सोडून देतो, एवढंच.

टपालाची ही सोय बंद होण्याच्या कितीतरी आधीच मोबाइल घरोघर पोचला होता. २०१६ हे वर्ष इथे महत्त्वाचं आहे. सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटाचे दर कोसळले. डिसेंबरात किंडलच्या दुकानात हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमसोबत मराठी पुस्तकं आली. किंडल अमेरिकेत २००७ च्या नोव्हेंबरातच आलं होतं, म्हणजे मराठीला नऊ वर्षं थांबावं लागलं. अर्थात मराठी माणूस तोवर हात बांधून बसला नव्हता. मंदार जोगळेकरांच्या ‘बुकगंगा’ने मराठी ई-पुस्तकं विकायला त्याआधीच सुरुवात केली होती आणि सुनील सामंतांचं ‘ई-साहित्य प्रतिष्ठान’ नव्या-जुन्या लेखकांची पुस्तकं पीडीएफ करून फुकट पाठवत होतं. या दोन्ही कामांचं मोल मराठी साहित्यव्यवहाराने अजून नीट ओळखलेलं नाही, असं माझं मत आहे.

फुकट आणि रीतसर मिळणाऱ्या मराठी मजकुराचा साठा किती मोठा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वाईच्या विश्वकोशाचे वीस खंड घरी ठेवायला कपाट लागेल, फोनवर ते संकेतस्थळावर वाचता येतात. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी दुर्मीळ पुस्तकं मंडळानेच पीडीएफ करून खुली केली आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आहेत, ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक आहेत. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. सेनगावच्या शाळेतल्या शिक्षकाला आपल्या भागाचा जुना इतिहास सांगायचा असेल, तर परभणी जिल्ह्याचं गॅझेटिअर उघडावं, कारण तेव्हा हिंगोली परभणीतच होती. यांतली कितीतरी पुस्तकं आज छापील रूपात विकतही मिळत नाहीत. जुनं, आवृत्ती संपलेलं पुस्तक ज्याला हवं आहे, त्याला पडद्याशिवाय दुसरी वाटच उरत नाही.

आता रोजच्या जगण्यातली कारणं. मराठवाड्यात शेतीपंपाची वीज कित्येकदा रात्रीच्या पाळीत येते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणूस रात्री शेतात जातो आणि एक वाफा भरेपर्यंत त्याला थांबावं लागतं. अंधारात छापील पुस्तक वाचायचं तर कंदील हवा किंवा बॅटरी हवी; फोनच्या पडद्याला स्वतःचा उजेड असतो. शिवाय फोन तसाही खिशात असतो, तो वाचायला म्हणून वेगळा न्यावा लागत नाही. दुसरं कारण घरातलं. एकत्र कुटुंबातल्या सुनेने दुपारी कादंबरी उघडली की अजूनही काही घरांत भुवया उंचावतात. स्त्रियांच्या आरोग्यावरचं किंवा कायद्यावरचं पुस्तक असेल तर मुखपृष्ठच पाहणाऱ्याला सगळं सांगून टाकतं. फोनला मुखपृष्ठ नसतं. वाचणारी काय वाचते आहे, हे तिच्यापुरतं राहतं. या खासगीपणाबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, पण मला ते ई-पुस्तकाच्या मोठ्या देणग्यांपैकी एक वाटतं.

आणि डोळे. पडद्याने डोळे बिघडतात ही तक्रार आपण ऐकतो, पण साठी ओलांडलेल्या माणसाला नेमका उलटा अनुभव येऊ शकतो. पोथी सोडली तर मोठ्या टायपातलं मराठी पुस्तक सहसा मिळत नाही. ई-पुस्तकात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्यासाठी तर हा फरक वाचणं आणि न वाचणं यांमधला आहे. फोन मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात अशा वाचकांसाठी सवलत आली, २०१४ मध्ये माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं.

मात्र इथे मराठीची एक खास अडचण आडवी येते आणि तिच्यावर जरा थांबायला हवं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण आपल्या प्रकाशन व्यवसायात अक्षरजुळणी झाली ती प्रामुख्याने श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये. या फॉन्टची युक्ती अशी, की रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवायचे. कागदावर छापलं की सुंदर मराठी उमटतं, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची अर्थहीन रांगच असते. त्यामुळे अशा फाइलमध्ये ‘नामदेव’ शोधलं तर सापडत नाही, फोनला ती वाचून दाखवता येत नाही, कोशात शब्द पाहता येत नाही. असं पुस्तक युनिकोडमध्ये आणायचं तर रूपांतर करून पुन्हा ओळीन्‌ओळ मुद्रितं तपासावी लागतात, कारण जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांट्या हमखास जागा सोडतात. हा खर्च टाळण्यासाठी कित्येकदा छापील पानांचीच पीडीएफ करून ‘ई-पुस्तक’ म्हणून दिली जाते. पीडीएफमध्ये पान बांधलेलं असतं. सहा इंची फोनवर ते बोटांनी मोठं करायचं, डावीकडून उजवीकडे सरकवायचं, पुन्हा मागे आणायचं. ईपबसारख्या प्रकारात मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप ओघळतो, अक्षर मोठं केलं की ओळ नव्याने जुळते. वाचनासाठीच बनवलेलं, शाईसारखा पडदा असलेलं यंत्र हजारो रुपयांचं, ते सेनगावात किती जण घेणार? इथलं ई-वाचन म्हणजे फोन, आणि फोनवर पीडीएफ हा छळ आहे. मराठी ई-पुस्तक वाचवत नाही अशी तक्रार करणाऱ्या कितीतरी जणांनी खरं ई-पुस्तक पाहिलेलंच नसतं.

किमतीचंही बोलायला हवं. छपाई, कागद, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन वजा झालं की ई-पुस्तक स्वस्त असायला हवं आणि बहुधा असतंही. मात्र छापील पुस्तकाला जीएसटी शून्य असताना ई-पुस्तकाला आधी १८ टक्के लागत होता. २०१८ च्या जुलैपासून, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांपुरता तो ५ टक्क्यांवर आला.

आणि जे फोनवर फुकट फिरतं, त्यातलं सगळं रीतसर नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून सर्वांची झाली. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. व्हॉट्सॲप-टेलिग्रामच्या गटांत दोघांची पुस्तकं एकाच ढिगात पडलेली असतात. मराठीत एकेकाळी अकराशे प्रतींची आवृत्ती निघायची, आता कितीतरी पुस्तकांची त्याहून लहान निघते. अशा पुस्तकाची चोरटी पीडीएफ फिरली की लेखकाच्या हाती काहीच राहत नाही. वाचकाला मी एवढीच विनंती करेन, की हयात लेखकाचं पुस्तक विकत घ्या, ई-पुस्तक का होईना. आणि प्रकाशकांना सांगेन, की रीतसर ई-पुस्तक बाजारात नसेल तर चोरट्याला मोकळं रान मिळतं.

आता एक उलटा प्रवाह. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून पाहा. स्पर्धा परीक्षेची मुलं पीडीएफ घेऊन येतात, पाठपोट प्रिंट काढतात, स्पायरल लावतात आणि अभ्यासिकेत जाऊन त्यावर रंगीत रेघा मारतात. ई-पुस्तक निवडणारे हे वाचक शेवटी कागदावरच वाचतात. यामागे नुसती सवय नाही. २०१८ मध्ये पाब्लो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास, म्हणजे एक लाख सत्तर हजारांवर वाचक, एकत्र तपासले. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना अधिक नीट समजतो, वेळेचं बंधन असेल तर हा फरक वाढतो, आणि निव्वळ कथात्मक मजकुरात तो दिसत नाही, असं त्यातून पुढे आलं. सेनगावच्या मुलांनी हा निबंध वाचलेला नसेल, पण राज्यसेवेचा इतिहास कागदावर आणि कादंबरी फोनवर, ही वाटणी ती अनुभवाने करतात. पुस्तक मिळवायला पडदा आणि पचवायला कागद, असा हा व्यवहार आहे आणि तो मला अगदी शहाणपणाचा वाटतो.

ई-पुस्तकाची खरी उणीव दुसरीकडे आहे. छापील पुस्तक वाचून झालं की ते शेजारी जातं, बहिणीच्या सासरी जातं, वाचनालयाला भेट दिलं जातं. विकत घेतलेलं ई-पुस्तक बहुधा एका खात्याला बांधलेलं असतं. २००९ च्या जुलैत अॅमेझॉनने हक्कांच्या वादातून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. पुढे कंपनीने माफी मागितली, पण ई-पुस्तक विकत घेणं म्हणजे नेमकं काय घेणं, हा प्रश्न तेव्हापासून उघडा आहे. ज्या गावात एक पुस्तक दहा घरं फिरतं, तिथे हा प्रश्न पुण्याहून जास्त बोचतो.

यावर उपाय सार्वजनिक वाचनालयांतूनच निघू शकतो. आपला ग्रंथालय कायदा आला तेव्हा ई-पुस्तक नव्हतंच. राज्याने मराठी प्रकाशकांकडून चांगल्या पुस्तकांचे ई-हक्क ठरावीक मोबदला देऊन एकत्र घेतले आणि प्रत्येक मान्यताप्राप्त वाचनालयाच्या सभासदाला ती पुस्तकं मुदतीने वाचायला दिली, तर सेनगावच्या सभासदाला पुण्याच्या सभासदाइतकीच मोठी यादी मिळेल. प्रकाशकाला एकरकमी पैसे मिळतील, आणि पुस्तक युनिकोड-ईपबमध्येच हवं अशी अट घातली तर रूपांतराचं रखडलेलं कामही मार्गी लागेल. दुबळ्या वाचनालयाला त्यासाठी नवं कपाट लागणार नाही, नवी खोली लागणार नाही. सभासदांची नोंदवही आजही तिथे आहेच.

पुढच्या भागात : बोलती पुस्तकं आणि मराठी कान.