लोहाऱ्याची नीळ

यवतमाळला खेटून असलेल्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत १९९६ पासून डेनिमचा कारखाना आहे. रेमंडने तो उभारला, आणि २००६ मध्ये बेल्जियमची युको कंपनी भागीदार झाल्यावर त्याचं नाव ‘रेमंड युको डेनिम’ झालं. कापूस गाठी बांधून बाहेर पाठवायचा आणि कापड बाहेरून आणायचं, हा वऱ्हाडाचा जुना शिरस्ता. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रेल्वे, लोकांची ‘शकुंतला’, मुळात कापसासाठीच टाकलेली. अशा मुलखात कापड विणणारी गिरणी येणं मोठंच. पण इथे बोलायचं आहे ते कापडावरच्या रंगाबद्दल.

डेनिमचा उभा धागा तेवढा निळा असतो, आडवा पांढराच. विणीत उभे धागे वर जास्त दिसतात, म्हणून कापडाची सुलटी बाजू निळी आणि उलटी बाजू फिकट. या उभ्या धाग्यांचे, प्रत्येकात तीन-चारशे, असे जाड दोर वळून ते निळीच्या टाक्यांतून ओढतात. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला अल्कली आणि हायड्रोसल्फाइट देऊन विरघळणाऱ्या रूपात आणावं लागतं, तेव्हा ती पिवळसर-हिरवी दिसते. दोर टाकीतून बाहेर येतो तो हिरवट, वर हवेत फिरला की बघता बघता निळा होतो. मग पुन्हा टाकी, पुन्हा हवा. सहा-आठ बुचकळ्यांनंतर गडद रंग चढतो, तरी तो धाग्याच्या सालीवरच राहतो. आतला गाभा पांढरा.

हाच रंग शतकानुशतकं झाडापासून निघे. पाला हौदात कुजवायचा, पाणी घुसळायचं, खाली बसलेला गाळ वाळवून वड्या पाडायच्या. बिहार-बंगालमधल्या मळेवाल्यांनी यावर पैसा केला आणि रयतेला पिळलं. जर्मनीत आडोल्फ फॉन बायरने १८८० मध्ये नीळ प्रयोगशाळेत बनवली, पण ती पद्धत बाजारात परवडेना. पुढे कार्ल हॉयमानने वाट दाखवली. तिची सुरुवात नॅफ्थलिनपासून, म्हणजे कपाटातल्या डांबराच्या गोळीपासून. दगडी कोळशाच्या डांबरातून ते मुबलक निघे. अडलं होतं पहिल्याच पायरीवर. बीएएसएफच्या प्रयोगशाळेत एका रसायनशास्त्रज्ञाच्या हातून थर्मामीटर फुटला, पारा मिश्रणात सांडला आणि अडलेली क्रिया धावू लागली. पारा उत्प्रेरक ठरला. १८९७ मध्ये कंपनीची नीळ बाजारात आली. १९०१ मध्ये योहानेस फ्लेगरने अॅनिलिनपासून जाणारी दुसरी एक वाट सोडामाइड वापरून आणखी किफायतशीर केली.

त्या १८९७ साली जगात सुमारे १९,००० टन वनस्पतीजन्य नीळ निघत होती. १९१४ पर्यंत ती हजार टनांवर आली. स्वस्ताईचा हा फटका मळेवाल्यांनी स्वतः सोसला असता तर गोष्ट इथेच संपली असती. चंपारणमध्ये रयतेला बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची सक्ती होती. निळीला भाव उरला नाही तेव्हा मळेवाल्यांनी सक्तीतून सोडण्याच्या बदल्यात खंड वाढवला, कुठे रोख रकमा उकळल्या. १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले ते या तक्रारी ऐकायला. जर्मन रसायनशाळेतल्या शोधाची किंमत बिहारच्या शेतकऱ्याच्या पावतीवर चढली होती. कापसाच्या भावाचे झटके झेललेल्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

नीळ महाग होती तेव्हा कपड्यावरून तिचा कण उडाला तरी नुकसान. आज उलट आहे. रंग सालीवरच थांबतो, ही खोड डेनिमवाल्यांनी मुद्दाम जपली आहे, कारण गुडघ्यावर, खिशाच्या कडेला पांढरा गाभा उघडा पडला तरच जीन्स ‘खरी’ दिसते. गिऱ्हाइकाला तितकंही थांबवत नाही, म्हणून शिवलेल्या पँटी दगड घालून धुतात, एन्झाइममध्ये घोळवतात, हल्ली लेझरने जाळून विटवतात. आठ बुचकळ्या देऊन चढवलेला रंग पुन्हा पैसे मोजून उतरवायचा! मला ही उधळपट्टी वाटते. पण ती करता येते, यातच नीळ किती स्वस्त झाली हे कळतं. या कौतुकाचं सांडपाणी मात्र स्वस्तात साफ होत नाही. नीळ आणि हायड्रोसल्फाइटचे क्षार त्यातून काढायला गिरण्यांना वेगळी यंत्रणा लावावी लागते.