मुंबई ते कोलकाता : घड्याळ एक, सूर्य दोन

काळबादेवी आणि कोलकात्याचा बडाबाजार ही कापडाच्या व्यापाराची दोन जुनी ठाणी. लोहमार्गाने नागपूरवरून हे अंतर १,९६८ किलोमीटर भरते आणि १९७७ साली सुरू झालेल्या गीतांजली एक्स्प्रेसलाही त्यासाठी तीस तासांहून अधिक वेळ लागतो. आकाशमार्गाने तेच अंतर साधारण १,६६५ किलोमीटर आहे. तिकिटावर अडीच-पावणेतीन तास छापलेले असतात आणि व्यापारी तेवढाच आकडा मनात धरतो.

हिशेब मात्र दुकानापासून दुकानापर्यंत मांडावा लागतो. दुपारी सव्वादोनच्या विमानासाठी काळबादेवीहून सव्वाअकराला तरी निघावे लागते, कारण सामान स्वीकारणारी खिडकी उड्डाणापूर्वी साठ मिनिटे बंद होते. पाचच्या सुमारास विमान उतरते. त्यानंतर पट्ट्यावरील सामानाची प्रतीक्षा आणि संध्याकाळच्या गर्दीतून टॅक्सी. बडाबाजारात पाऊल पडेपर्यंत साडेसहा वाजतात. अडीच तासांचा प्रवास सव्वासात तासांचा होतो. तिकिटावरचा आकडा ही केवळ ढोबळ जमा आहे. खर्चाची बाजू तेथे लिहिलेलीच नसते.

जाण्या-येण्याचा वेळही सारखा नसतो. हिवाळ्यात उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ८३० किलोमीटर आणि वाऱ्याचा १०० धरला, तर जाताना आकाशात सुमारे १०७ मिनिटे लागतील आणि परतताना १३७. उरलेला वेळ धावपट्टीवर, चढण्यात आणि उतरण्यात जातो. परतीनंतर त्याच दिवशी मुंबईत कोणाला भेटीची वेळ द्यायची असेल, तर हा अर्धा तास आधीच धरलेला बरा.

खरी फसगत होते ती सूर्यास्ताची, आणि चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांना ती विशेष जाचते. कोलकाता मुंबईच्या पूर्वेस सुमारे साडेपंधरा अंश आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. म्हणजे तेथे सूर्य तासाभराने आधी चालतो. देशाचे घड्याळ एकच असल्याने हा फरक मनगटावर दिसत नाही. डिसेंबरच्या प्रारंभी मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, कोलकात्यात मात्र पाच वाजण्यापूर्वीच. सव्वादोनच्या विमानाने निघालेले आजोबा 'उतरल्यावर भाचीकडे जेवू' असे ठरवून गेले, तर विमानाचे दार उघडेपर्यंत दिवस संपलेला असतो आणि पाण्याचा घोटही दुसऱ्या दिवसावर जातो. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याच्या बाबतीत ही गोष्ट साधी राहत नाही.

अशा वेळी सकाळचे विमान घ्यावे. ते जमत नसेल, तर घरचा डबा सोबत ठेवून दुपारचे भोजन विमानातच चारच्या आत उरकावे. सूर्यास्ताची वेळ पंचांगातून पाहताना ती कोलकात्याची आहे ना, याचीही खात्री करावी. मुंबईचे पंचांग तेथे उपयोगी नाही. परतीच्या वाटेवर हाच हिशेब उलटतो. दुपारी दोनला कोलकाता सोडणारा प्रवासी पाचच्या सुमारास मुंबईत उतरतो, तेव्हा डिसेंबरातही जवळजवळ तासभर ऊन शिल्लक असते. तेवढ्या वेळात काळबादेवीचे घर गाठणे कठीण. म्हणून विमानतळाजवळ, विलेपार्ल्यात कोणी आप्त असल्यास त्यांना ताट वाढून ठेवण्यास आधीच कळवावे.