अपडेटनंतर लॅपटॉप ४८ आकडे मागतोय? फॉर्मॅट मारायच्या आधी हे वाचा

हा भाग ज्यांना ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे त्याचं लेखी रूप. बोलताना दोन-तीनदा अडखळलो होतो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. मागे हॉर्न ऐकू येतात ही तक्रार दर वेळी येते. आमची रेकॉर्डिंगची खोली सात रस्त्यावर आहे हो, सातही बाजूंनी गाड्या येणार तिथं शांतता कुठून आणायची?

आज विषय लॅपटॉपचा. विंडोजचं अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप नीट सुरूच होईना, असे फोन मला महिन्याला चार-पाच तरी येतात. त्यातला एक फोन सविस्तर सांगतो, कारण तो वेळेवर आला नसता तर एका घराचा सगळा हिशोब गेला असता.

गड्डा यात्रा नुकतीच संपत आली होती. तारीख १८ जानेवारी. आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत, अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. हिशोब त्यांची मुलगी बघते. सकाळी तिचा फोन. "दादा, लॅपटॉप कसलातरी नंबर मागायलाय. पूर्ण निळा पडदा आलाय. दुकानवाला म्हणतोय विंडोज उडालंय, फॉर्मॅट मारून देतो, पाचशे रुपये. देऊ का?"

मी म्हटलं, थांब. काही देऊ नको, मी आलो.

लॅपटॉपवर काय होतं? टॅलीचा सगळा डेटा, टॉवेलच्या डिझाइनच्या फाइली, व्यापाऱ्यांची येणी. २० तारखेला जीएसटीचा रिटर्न भरायचा. बॅकअप होता, पण पेन ड्राइव्हवर आणि दिवाळीचा. म्हणजे मधले तीन महिने फक्त त्या लॅपटॉपमध्ये. आणि आदल्या संध्याकाळी बंद करताना "अपडेट अँड शट डाउन" दाबलेलं.

पडद्यावर वर लिहिलं होतं "बिटलॉकर रिकव्हरी". खाली रिकव्हरी की टाका म्हणून रिकामी चौकट. आता हे नीट समजून घ्या, कारण इथंच बहुतेक लोक चुकतात. हा व्हायरस नाही. विंडोज उडालेलंही नाही. हे कुलूप आहे, आणि ते आपलं काम बरोबर करतंय.

हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्कवरचा सगळा मजकूर सांकेतिक करून ठेवलेला असतो. लॅपटॉप चोरीला गेला, चोराने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, तरी त्याला काही वाचता येऊ नये म्हणून. विंडोजच्या होम आवृत्तीत याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, प्रोमध्ये बिटलॉकर. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून नवा लॅपटॉप सुरू केला की बऱ्याचदा हे आपोआप चालू होतं, तुम्हाला कोणी वेगळं विचारत नाही. २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली, तेव्हापासून तर यासाठी लागणाऱ्या हार्डवेअरच्या अटी आणखी सैल झाल्या. त्यामुळे "माझ्या लॅपटॉपला असलं काही नाही" हे खात्रीने म्हणू नका.

मग रोज तो किल्ली का मागत नाही? कारण किल्ली टीपीएम नावाच्या भागात असते, बहुतेक मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरमध्येच. त्याला गेटवरचा जुना रखवालदार समजा. लॅपटॉप सुरू होताना कोणतं फर्मवेअर आलं, सुरुवातीच्या कोणत्या फाइली आल्या, याची तो नोंद घेतो. सगळं नेहमीसारखं असलं की गुपचूप कुलूप उघडतो. अपडेटने त्यातलं काही बदललं, विशेषतः बायोस किंवा सुरुवातीच्या फाइली, की मालक मिशी काढून आल्यासारखं होतं. रखवालदार ओळखत नाही, म्हणतो पुरावा दाखवा. तो पुरावा म्हणजे ४८ आकडी रिकव्हरी की. एरवी अपडेट स्वतःच रखवालदाराला आधी कल्पना देऊन ठेवतं. कधीकधी ते हुकतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर काही मशीन अशीच किल्ली मागू लागली, आणि मायक्रोसॉफ्टनेच तसं जाहीर केलं. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या काही मशीनवर पुन्हा तेच. त्याच जुलै २०२४ मधला १९ तारखेचा शुक्रवार आठवतोय? विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते. ते विंडोजचं अपडेट नव्हतं, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची सदोष फाइल होती. पण सुमारे ८५ लाख मशीन बंद पडली, आणि जिथं डिस्कला कुलूप होतं तिथं दुरुस्ती करणाऱ्यांना आधी हीच किल्ली शोधावी लागली.

तर अण्णांच्या लॅपटॉपची किल्ली कुठं होती? निळ्या पडद्यावर एक "रिकव्हरी की आयडी" दिसतो. आयडी म्हणजे किल्ली नव्हे, किल्लीच्या जुडग्यावरचा बिल्ला. त्याचा मी आधी मोबाइलवर फोटो काढला. मग दुसऱ्या फोनवर मायक्रोसॉफ्टचं रिकव्हरी कीचं पान उघडलं. पत्ता त्या निळ्या पडद्यावरच छापलेला असतो. मुलीच्या ईमेलने आत गेलो. एकही किल्ली नाही.

इथं तिचा चेहरा पडला. मी विचारलं, लॅपटॉप घेतला तेव्हा पहिल्यांदा सुरू कोणी केला? म्हणाली, "दुकानातल्या पोराने. बाबांचा नंबर घेतला होता, ओटीपी विचारला होता."

मग उलगडलं. पोराने त्यांच्या नावाने एक नवीनच आउटलुकचं खातं काढलं होतं. पासवर्ड कोणाला माहीत नाही, ईमेल कोणाला माहीत नाही, पण मोबाइल नंबर अण्णांचा. मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन पानावर "युजरनेम विसरलो" असा पर्याय असतो, तिथं नंबर टाकून कोड मागवता येतो. कोड गेला अण्णांच्या बटणाच्या फोनवर, तो त्यांच्या खिशात, ते कारखान्यात, मागे मागांचा खडखडाट. चार वेळा कोड सांगायला लावला तेव्हा कुठे बरोबर ऐकू आला.

खात्यात दोन किल्ल्या निघाल्या. इथं तो बिल्ला कामी येतो. आयडीची पहिली आठ अक्षरं जुळतात तीच किल्ली आपली. ४८ आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात. एक गंमत सांगतो, उपयोगाची आहे: प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. कागदावरून टाकत असाल आणि शंका आली तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर भागून बघा. आकडे टाकले, एंटर दाबलं, आणि नेहमीचा डेस्कटॉप समोर. सगळ्यात आधी टॅलीचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला, मग चहा.

किल्ली सापडलीच नसती तर? खोटी आशा दाखवत नाही. ती किल्ली मायक्रोसॉफ्टही नव्याने बनवून देऊ शकत नाही. कंपनीचा लॅपटॉप असेल तर किल्ली ऑफिसच्या आयटी विभागाकडे असू शकते, कधी प्रिंट काढून किंवा पेन ड्राइव्हवर ठेवलेली असते. हे सगळं शोधा. तरीही मिळाली नाही आणि काम तर अडलंय, तर जुन्या डिस्कवर फॉर्मॅट मारू देऊ नका. दुकानदाराला सांगा, नवीन एसएसडी टाक, जुनी काढून माझ्या हातात दे. कोणतं खातं वापरलं होतं ते सहा महिन्यांनीसुद्धा आठवू शकतं. फॉर्मॅट झालेली डिस्क मात्र परत येत नाही.

बाकीच्या तक्रारी यामानाने किरकोळ आहेत, भरभर सांगतो. अपडेटनंतर लॅपटॉप मंद झाला, पंखा ओरडतोय, तर चार्जरला लावून काही तास सोडून द्या, मागे त्याची आवराआवर चालू असते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात हे करताना लॅपटॉप गादीवर ठेवू नका म्हणजे झालं. वायफाय किंवा आवाज गेला तर आधी रीस्टार्ट करा. शट डाउन नव्हे, रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही. तरी नाही जमलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ड्रायव्हर रोल बॅक करा. पडदा काळा पण मशीन चालू, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबून बघा, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

दर महिन्याचं अपडेट त्रास देत असेल तर सेटिंग्जमधल्या अपडेट हिस्टरीतून काढता येतं. विंडोजची मोठी आवृत्ती बदलली असेल तर मागे जायला साधारण १० दिवस मिळतात, पण "जागा रिकामी करू" म्हणून विंडोज डॉट ओल्ड हे फोल्डर उडवलंत तर तो रस्ता बंद. आणि लॅपटॉप सुरूच होत नसेल तर दोन-तीनदा सुरू होता होता पॉवर बटण दाबून धरून बंद करा, दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका अपडेटनंतर नेमक्या त्याच पडद्यात यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले होते, आठवड्याभरात दुरुस्ती आली. म्हणजे वैद्यच आजारी पडलेला. आणि डिस्कला कुलूप असेल तर तिथंही बऱ्याच कामांना ती किल्ली लागतेच.

म्हणून आज लॅपटॉप चांगला चालू असतानाच सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. खातं कोणत्या ईमेलचं आहे ते बघा. किल्ली कागदावर उतरवा.

अण्णांनी ती उतरवून आधी लॅपटॉपच्या खालीच चिकटवली होती. म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली! ती काढायला लावली. आता दुकानातल्या जुन्या लाल चोपडीत शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवलीये. मी सहज प्रत्येक गट ११ ने भागून बघितला. तिसऱ्या गटात त्यांनी ७ चा १ केला होता.