आजीची बोली, झऱ्याचा पुरावा



पेण-रोह्याच्या डोंगरातला ओढा चैत्रात आटला, की कुठल्या वळणावर झरा उकरायचा, मासे कुठल्या डोहात तग धरतात, खेकडे कुठल्या दगडाखाली, हे कातकरी वाडीवरच्या आजीला ठाऊक असतं. ती ते सांगते आपल्या कातकरी बोलीत. नातवंडं शाळेत मराठी शिकतात, दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात. बाजारात बोली बोललं की लोक हसतात, म्हणून पोरं घरातही ती टाळतात. मग आजीची नावं कोण ऐकणार?

कॅनडातल्या अनिशिनाबे समाजात पाणी राखण्याचं काम बायांचं मानतात. तिथल्या जोसेफिन मांडामिन या आजी २००३ साली तांब्याच्या भांड्यात पाणी घेऊन सुपिरियर या प्रचंड सरोवराभोवती पायी फिरल्या. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी मुलांना निवासी शाळेत आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. आज तिथल्या आज्या नातवंडांना भाषा शिकवतात, पाण्याकाठी नेतात.

आपल्याकडे तर आजीच्या शब्दाला कायद्यात किंमत आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात जंगलातले मासे आणि पाणवठे यांवर गावाचा सामूहिक हक्क मागता येतो. त्याच्या २००८ च्या नियमांत, तेराव्या नियमात, वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं म्हणणं पुरावा धरलं आहे. मात्र ती आजी स्वतः दावेदार नसावी. मासेमारीच्या जागा आणि माणसा-गुरांचे पाणवठेही तिथे मोजले आहेत. ग्रामसभेच्या वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया हव्यातच. नुसत्या सहीपुरत्या नकोत, एवढं आमचं म्हणणं.

लिहिताना एक चूक हमखास होते. आजी जागेचं नाव सांगते आणि लिहिणारा ‘नाला’ लिहून मोकळा होतो. कुठला नाला? डोंगरात दहा आहेत! तिचं नाव तिच्या तोंडचं तसंच लिहा, शेजारी मराठीत अर्थ. वही शाळेतल्या नातीच्या हातात द्या, म्हणजे बोली तिच्या कानावर पडेल. आजीला वाचून दाखवा, मग अंगठा घ्या.

तरणी माणसं भट्टीवर असली तरी म्हातारी माणसं बरेचदा वाडीवरच असतात. तेव्हा हे काम वैशाखातच उरका. पाऊस लागला की सगळीकडे पाणीच पाणी, झरा ओळखू येत नाही.